झारी त्यांच्या हाती असू द्या

फाल्गुनात किनवट-माहूरच्या रानात पळस फुलतो आणि चैत्र लागताच नांदेड-लातूरच्या रस्त्यांवरील कडुलिंबाला बारीक पांढरा, मंद वासाचा मोहोर येतो. मराठवाड्याचा वसंत देखणा आहे, पण अल्पायुषी आहे. गुढी उतरते न उतरते तोच दुपार असह्य होऊ लागते आणि एप्रिलमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. घरातील वडीलधाऱ्यांच्या वाट्याला या ऋतूतले उरतात ते सकाळचे दोन तास. ते सुखाचे जावेत यासाठी मोठी बाग लागत नाही. गच्चीवरील वा खिडकीतील चार कुंड्या पुरतात.

मात्र त्या कुंड्यांना पाणी कोण घालते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. "तुम्ही बसा, मी घालते पाणी," असे आपण मायेनेच म्हणतो. पण अशी एकेक कामे हातातून गेली की आपल्यावाचून घरात काही अडत नाही, ही भावना वृद्ध मनात घर करते. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग याच संदर्भात बोलका आहे. दोन मजल्यांवरील रहिवाशांना रोपे दिली गेली. एका मजल्यावर सांगितले, की रोप तुम्ही निवडा आणि त्याची निगाही तुम्हीच राखा. दैनंदिन गोष्टींतील काही निर्णयही त्यांच्याकडे सोपवले. दुसऱ्या मजल्यावर रोप दिले, पण पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक प्रसन्न, सावध आणि कामात रमलेली दिसली. प्रयोग लहान होता. तरी त्यातील बोध आपल्या घरालाही लागू पडतो. रोपाबरोबर त्याची जबाबदारीही द्यावी लागते.

ती देताना काळजीवाहकाने आधी जागा नीट करावी. कुंड्या जमिनीवर न ठेवता कट्ट्यावर वा भक्कम टेबलावर, कमरेच्या उंचीला ठेवाव्यात. उकिडवे बसून एकदम उठल्यास रक्तदाब घसरतो, भोवळ येते आणि पडण्याचा धोका वाढतो. भरलेल्या बादलीऐवजी हलकी झारी किंवा तांब्या द्यावा. शेजारी पाठ असलेली खुर्ची असावी. फरशी ओली राहू देऊ नये. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेली असेल, तर गच्चीवर अनवाणी जाणे कटाक्षाने टाळावे. तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि फोड उशिरा दिसतो. मातीत काम करताना जखम झाल्यास ती धुऊन धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता कामाआधी व नंतर पाणी प्यावे. ज्यांना हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायचे आहे, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी उन्हाळ्यातील प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. नऊनंतर बागकाम थांबवावे. अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले वा ग्लानी आली, तर त्या व्यक्तीला सावलीत घ्यावे, ओल्या कापडाने अंग पुसावे, वारा घालावा आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

पाण्याचा विषय निघाला की लातूरकरांना २०१६ चा एप्रिल आठवतो. मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा शहराने पिण्याचे पाणी तळहातावर झेलले. ते दिवस पाहिलेल्या आजींना कुंडीत पाणी ओतताना अपराधी वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी साठवून द्यावे. मातीवर वाळलेल्या पाल्याचा थर दिला तर ओल टिकते. कुंडीखालची बशी मात्र कोरडी ठेवावी. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात.

मोगरा, कढीपत्ता, पुदिना, सदाफुली आणि कोरफड ही रोपे सोबतीला चांगली. विस्मरणाचा त्रास असेल तर कोरफड आणि सदाफुली निवडावी. एखादा दिवस पाणी चुकले तरी ती तग धरतात. तिसऱ्यांदा पाणी घातले गेले तर रागावू नये. झारीच लहान ठेवावी. कण्हेर विषारी आहे, ती अशा घरात हाताशी नसावी. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या उशाशी पुदिन्याची कुंडी ठेवावी. पान चुरगळून वास घेण्यातही वसंत असतो.

सणांतही वडीलधाऱ्यांना असेच काम असावे. पाडव्याच्या कडुलिंबाची कोवळी पाने त्यांनी निवडावीत; गूळ, जिरे, ओवा किती, हे त्यांनीच सांगावे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे त्यांच्या देखरेखीखाली व्हावे. मधुमेह असल्यास पन्ह्यातला गूळ तेवढा आवरावा. ईस्टर हा २१ मार्च वा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपाठोपाठचा रविवार. त्यामुळे पुष्कळदा तो हनुमान जयंतीला लागूनच येतो. ख्रिस्ती घरांतील आजी-आजोबांनी त्या पहाटेच्या उपासनेसाठी आपल्या कुंडीतील फुले खुडून न्यावीत. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू मरिया मग्दालियेला प्रथम माळीच वाटला, ही गोष्ट नातवंडांना सांगण्याचा मानही त्यांचाच.

या पंधरवड्यात एवढेच करावे. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला रोपवाटिकेत नेऊन, किंवा ते शक्य नसल्यास दोन-तीन रोपे समोर ठेवून, एक निवडायला सांगावे. कुंडी कुठे ठेवायची, पाणी केव्हा घालायचे हे त्यांना ठरवू द्यावे. मग ते रोप थोडे वाकडे वाढले तरी आपण हात लावू नये.