हळदीची आशा आणि उपचारांची वेळ

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथेच बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही उभे राहत आहे. म्हणूनच हळद कर्करोग रोखते, या दाव्यातले खरेखोटे हिंगोली जिल्ह्याने सर्वांआधी समजून घ्यायला हवे.

प्रयोगशाळेतले निष्कर्ष खरोखर आशादायक आहेत. हळदीतला कर्क्युमिन हा घटक काचपात्रातल्या कर्कपेशींची वाढ मंदावतो, दाहाला चालना देणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला आवर घालतो आणि पेशींना मरणाकडे ढकलतो. माणसाच्या शरीरात मात्र चित्र बदलते. हळकुंडात कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्के; त्यातलेही फारच थोडे रक्तात उतरते आणि उतरलेले शरीर झटपट मोडून टाकते. या विषयातले मोठे नाव, ह्यूस्टनचे संशोधक भारत अगरवाल, यांचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले, हेही विसरता येत नाही. कर्करोगावरचे औषध म्हणून कर्क्युमिनला अजून मान्यता नाही.

वरणातली हळद खुशाल खावी. जपायचे ते कर्क्युमिनच्या गोळ्यांपासून. मिरीच्या अर्कासह मोठ्या मात्रेत घेतल्याने काहींच्या यकृताला इजा झाली आहे. केमोथेरपीच्या काही औषधांच्या कामातही त्या अडथळा आणू शकतात.

वसमतच्या केंद्राने वाण आणि भेसळ-तपासणीबरोबरच टाटा मेमोरियलसारख्या संस्थेला सोबत घेऊन रुग्णांवरील शिस्तशीर चाचण्यांना हातभार लावावा. आणि वाचकहो, अंगावर गाठ जाणवली तर लेप-काढ्यांत महिने घालवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.