छाटलेलें कडवें

दुकानाच्या खातेवहींतली एखादी रकम गुमास्त्यानें धन्यास न विचारतां खोडली, तर त्याच दिवशीं त्याच्या हातावर नारळ पडतो. आणि तें योग्यच आहे. पण संपादकानें कवीच्या वहींतलें एक अख्खें कडवें कोणास न सांगतां गाळलें, तर त्याला आपण रसिक म्हणतों! हा न्याय किती उफराटा आहे, हें एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीच्या एका कवितेच्या इतिहासावरून आमच्या वाचकांच्या ध्यानांत येईल.

ही बाई मॅसॅच्युसेट्स प्रांतांत ॲम्हर्स्ट गांवीं १८३० सालीं जन्मली आणि १८८६ सालीं तेथेंच वारली. हयातींत तिच्या जेमतेम दहा कविता छापल्या गेल्या, त्याही निनांवी. तिच्या पश्चात् बहीण लॅव्हिनिया हिला दोऱ्यानें शिवलेल्या वह्या सांपडल्या. तिच्या एकंदर कविता सुमारें १,८०० भरतात. त्यांतील एकींत मृत्यु हा सभ्य गृहस्थासारखा गाडी घेऊन येतो आणि तिला शाळा, शेतें व मावळता सूर्य यांवरून घेऊन जातो. ही कविता सहा कडव्यांची.

मेबल लूमिस टॉड व थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनीं १८९० सालीं बॉस्टन येथें पहिला संग्रह काढला. त्यांत त्यांनीं या कवितेस ‘रथ’ हें नांव पदरचें दिलें, कांहीं शब्द बदलले, आणि चौथें कडवें अजिबात वगळलें. सूर्यच आपणांस ओलांडून पुढें गेला, दंव पडलें, थंडी झोंबूं लागली, अंगावरचें वस्त्र तर विरविरीत, ही जाणीव त्याच कडव्यांत आहे. तें जातांच अंगावरचा कांटा गेला, आणि मरणाचा प्रवास सुखाची सहल झाला. पुढील संग्रहांतून हींच पांच कडवीं उतरत गेलीं. १९३२ सालीं ॲलन टेट या टीकाकारानें इंग्रजींतील थोर कवितांत हिची गणना केली, तीही या छाटलेल्या पाठावरून! थॉमस जॉन्सन यांचे तीन खंड हार्वर्डहून १९५५ सालीं निघाले, तेव्हां कडवें आपल्या जागीं आलें. म्हणजे पासष्ट वर्षें गिऱ्हाइकानें पुरे दाम मोजून अपुरा माल घेतला.

कोणी म्हणेल, टॉडबाईंनीं खपून नकला उतरल्या नसत्या, तर हें धन उजेडांत येतें ना. हें आम्ही मान्य करतों. परंतु ठेव सांभाळणारा ठेवीचा मालक होत नाहीं. बाईनें लिहिलेलें चार शहाण्यांनीं नीटनेटकें केल्यावांचून लोकांपुढें येऊं नये, या समजुतीचाच हा मासला आहे. संपादकांपैकीं एक स्वतः स्त्रीच होती. यावरून हा दोष केवळ पुरुषांचा नसून वहिवाटीचा आहे हें उघड होतें. आणि वाचकांस खरें सोसणार नाहीं असें मानणें, हा वाचकांचाही अपमानच आहे.

आमचें मागणें मोठें नाहीं. शाळेच्या पुस्तकांत किंवा वेंच्यांत जागेअभावीं कविता तोडावी लागली, तर खुशाल तोडावी; पण किती कडवीं गाळलीं व कोणते शब्द बदलले, हें त्याच पानावर छापावें. एका ओळीचा हा खर्च आहे. जो तो करीत नाहीं, त्याच्या पुस्तकाचा हिशेब वाचकांनीं तपासून घ्यावा.