नक्कल कुलपात कशासाठी?

एखादे जुने गाणे पुन्हा प्रकाशित होते, तेव्हा ते कोणासाठी होते, हा प्रश्न विचारणे आता अरसिकपणाचे ठरू लागले आहे. रसिकाने दुकानापुढे रांग लावावी, मिळाले तर धन्य व्हावे, न मिळाले तर कोणा दलालाला मूळ किमतीच्या कितीतरी पट द्यावे, आणि या खटाटोपाला ‘कलावंताचा गौरव’ म्हणावे, अशी रीत पडली आहे. या रीतीला माझा विरोध आहे. तो मी एका प्रसिद्ध तबकडीच्या आधारे मांडणार आहे.

ती तबकडी म्हणजे इंग्रज गायक डेव्हिड बोवी यांची ‘स्टारमॅन’. पुरुषांनी चकाकती वस्त्रे ल्यावीत, चेहऱ्याला रंग लावावा आणि नाटकी थाटाने गावे, असा ‘ग्लॅम रॉक’ नावाचा जो संप्रदाय इंग्लंडात १९७१ च्या सुमारास उदयास आला, त्यातील हे एक अग्रगण्य गीत. ते २८ एप्रिल १९७२ रोजी प्रसिद्ध झाले. ६ जुलैला ते बी. बी. सी.च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात दिसले. लाल केसांच्या, रंगीबेरंगी पोशाखातल्या बोवींनी गिटारवादक मिक रॉन्सन यांच्या खांद्यावर हात टाकला आणि एका पिढीला आपले दैवत सापडले. ब्रिटिश विक्रीच्या यादीत गाणे दहाव्या क्रमांकापर्यंत चढले.

त्या गाण्याचा विषय ध्यानी घेण्याजोगा आहे. आकाशातल्या कोणा परक्याची चाहूल एका मुलाला रेडिओवर लागते, आणि तो तत्काळ मित्राला दूरध्वनी करतो. ऐकलेले दुसऱ्याच्या कानी घालावे, हाच त्या गीताचा प्राण. ज्या वस्तूवर ते विकले गेले तीही त्याला साजेशीच होती. सात इंचांची साधी तबकडी. शाळकरी मुलाने खाऊचे पैसे साठवून घ्यावी, मित्राला ऐकवावी, झिजेपर्यंत वाजवावी.

आता पुनर्प्रकाशन पाहा. २१ एप्रिल २०१२ रोजी, ‘रेकॉर्ड स्टोअर डे’च्या मुहूर्तावर, चाळिशीनिमित्त हे गाणे पुन्हा निघाले, परंतु मर्यादित प्रतींत आणि सचित्र तबकडीच्या रूपाने. अशा तबकडीत पारदर्शक थराखाली चित्र बसवलेले असते, आणि साध्या काळ्या तबकडीपेक्षा तिची खरखर बहुधा अधिक असते. म्हणजे ती वाजविण्यापेक्षा पाहण्याचीच वस्तू. मूळ तबकडीच्या दुसऱ्या बाजूस ‘सफ्रजेट सिटी’ हे वेगळे गाणे होते. येथे त्या जागी दूरचित्रवाणीवरचे ‘स्टारमॅन’च पुन्हा दिले गेले.

आमच्या कारकुनी पेशात ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. अस्सल कागद दप्तरखान्यात राहतो. नक्कल ज्याला गरज आहे त्याच्या हाती जाते. नक्कल काढण्याचे प्रयोजनच ते. नक्कल मोजकीच काढून ती दुर्मीळ म्हणून मिरविणारा आणि कुलपात ठेवावयास लावणारा कारभार कोणत्याही कचेरीत हास्यास्पद ठरेल. संगीताच्या व्यापारात मात्र त्याला रसिकता म्हणतात!

यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, या दिवसामुळे छोट्या, स्वतंत्र दुकानांना आधार मिळतो. हेतू चांगला आहे. २००८ साली अमेरिकेत हा दिवस प्रथम साजरा झाला तो याचसाठी. परंतु एक दिवसाच्या जत्रेने दुकान जगत नाही. वर्षभर मिळणाऱ्या मालाने जगते. दुसरे उत्तर असे की, गाणे आंतरजालावर कोणालाही ऐकता येते, मग तक्रार कसली? या उत्तरानेच खरी गोष्ट उघडी पडते. गाणे दुसरीकडे मिळतेच, तर येथे विकले जाते ते गाणे नव्हे, दुर्मीळपणा. आणि तो काळाने आणलेला नव्हे, हेतुपुरस्सर घडविलेला. शिवाय आंतरजालावरचे ऐकणे हे भाडेकरूचे ऐकणे. करार संपला की गाणे गेले. ते मुलाच्या हाती ठेवता येत नाही.

पुनर्प्रकाशन नेहमी असेच असते असेही नाही. बोवी यांचेच ‘स्पेस ऑडिटी’ १९६९ साली पाचव्या क्रमांकापर्यंत गेले होते. १९७५ मध्ये आर. सी. ए. कंपनीने ते पुन्हा काढले. जोडीला ‘चेंजेस’ आणि तोवर अप्रकाशित असलेले ‘व्हेल्व्हेट गोल्डमाइन’ दिले. तोही व्यापारच होता. तथापि त्यात ऐकणाऱ्याला काही अधिक मिळाले, आणि त्याने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गाण्याला पहिल्या क्रमांकावर बसविले. ब्रिटनमध्ये बोवींना हा मान प्रथमच मिळाला. हिला मी आवृत्ती म्हणेन. २०१२ ची ती स्मरणवस्तू.

बदलीच्या गावी राहणाऱ्या वाचकांना हा भेद समजावून सांगावा लागू नये. हव्या त्या मराठी पुस्तकाची ‘आवृत्ती संपली’ असे उत्तर पुण्याहून आले की, कोणाच्या तरी काचेच्या कपाटात पहिली प्रत सुखरूप आहे, या वार्तेने आपले समाधान होत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शोभेची तबकडी खुशाल काढावी. पण तिच्या जोडीला काळी, स्वस्त तबकडी मूळच्या दोन्ही गाण्यांसह काढावी आणि मागणी असेतोवर काढीत राहावी. एवढे न करणाऱ्यांनी कलावंताच्या गौरवाची भाषा बोलू नये.