पालकसभा अकरा वाजता कुणासाठी?

जयंती समितीच्या बैठकीत मागच्या वर्षी एक वाक्य ऐकलं. आपल्यातल्याच एका शिकल्या-सवरल्या, सरकारी नोकरीतल्या माणसाने ते उच्चारलं. "आपल्या लोकांनाच पोरांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही. अंगणवाडीची पालकसभा होती, अठ्ठावीस मुलांमागे तीन आया आल्या." सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं कशाला सांगू, मीही हलवली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताई भेटल्या. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्याही नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, सभा सकाळी अकराला होती. अकराला आपल्या वस्तीत कोण असतं?"

मी मनातल्या मनात गल्ल्या फिरून आलो. पुण्यातली आमची वस्ती. अकरा वाजता निम्म्या आया समोरच्या सोसायट्यांत तिसऱ्या घरचं धुणंभांडं करत असतात. काही जणी कचरा वेचून वर्गीकरणाला बसलेल्या असतात. नाक्यावर उभा राहणारा बाप त्या दिवशी काम मिळालं असेल तर स्लॅबवर असतो. मिळालं नसेल तरी लगेच घरी येत नाही, कारण रिकाम्या हाताने घरी यायला जीव होत नाही. तीन आया आल्या हेच आश्चर्य म्हणायला पाहिजे. त्या तिघींनी त्या दिवसाचा खाडा केला होता.

सभेची वेळ कुणी ठरवली, हे आपण विचारलं नाही. निकाल मात्र लगेच दिला.

मित्रांनो, हा निकाल जुना आहे. आपले आईबाप बेजबाबदार, आपल्याला लेकरांची किंमत नाही, आपल्यात शिक्षणाचे संस्कार नाहीत, असं शंभर वर्षं दुसऱ्यांनी म्हटलं. आता आपणच आपल्याबद्दल म्हणू लागलो आहोत. ज्या सोसायटीत आमची ताई भांडी घासते, तिथली मॅडम सकाळी नऊला लॅपटॉप उघडते आणि तिचं मूल एसी पाळणाघरात असतं. त्याला करिअर म्हणतात. भांडी घासणारीचं मूल शेजारच्या आजीकडे असतं, त्याला दुर्लक्ष म्हणतात. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाता यावं, असं त्यात आलं. चांगलंच आहे. पण पाच घरी काम करणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? तिने चार वेळा कुठे जायचं?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार तिच्या एकटीवर टाकता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. सरकार आहे, मालक आहे, त्यांनी तो उचलावा. आज शंभर वर्षं होत आली. मूल वाढवण्याचा सगळा भार पुन्हा त्याच बाईवर, आणि वर सभेला न आल्याचा ठपकाही तिच्यावर.

आता ताईंनी पुढे काय केलं ते सांगतो, कारण नुसत्या टीकेने आपलं पोट भरत नाही.

पहिलं म्हणजे त्यांनी पालकांना बोलावणं थांबवलं आणि पालक कुठे, कधी भेटतात ते शोधलं. आमच्या वस्तीत एक आजी घरातच सात-आठ मुलं सांभाळतात. पाटी नाही, नोंदणी नाही. पहाटे साडेसहाला आया मूल सोडून जातात आणि संध्याकाळी घेऊन जातात. मधल्या वेळात आजीच त्यांना अंगणवाडीत आणतात आणि परत नेतात. म्हणजे ज्या आयांना ताई महिनोन्‌महिने पाहत नव्हत्या, त्या आया आजींना दिवसातून दोनदा भेटत होत्या. ताई आजींकडे जाऊन बसल्या. एवढंच ठरलं, की मूल नेताना आईला रोज एक गोष्ट सांगायची. तक्रार सांगायची नाही. "आज याने सांडलं, आज हा रडला, आज याने मारलं" हे ऐकून आठ तास राबून आलेली बाई काय करणार? मुलाला धपाटा घालणार. त्याऐवजी, "आज याने पाच खडे मोजले, घरी जाताना याला पायऱ्या मोजायला सांग." बस्स. काम संपलं. आई तशीही पायऱ्या चढणारच आहे.

याला वेगळा वेळ लागत नाही. आपण शिक्षण म्हटलं की वही, पेन्सिल आणि मांडी घालून बसलेलं मूल डोळ्यांसमोर आणतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचं शिक्षण बहुतेक बोलण्यात असतं. कुणीतरी त्याला विचारायचं, त्याचं ऐकायचं, त्याला उत्तर द्यायचं. भाकरी थापताना "ही मोठी का ती मोठी" विचारणं, कपडे वाळत घालताना जोड्या लावायला देणं, आज कुठे गेली होतीस हे मुलाला सांगणं. ताईंनी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवणंही बंद केलं. निम्म्या आयांना वाचता येत नाही आणि वाचता येत नाही हे दुसऱ्याला सांगायची लाज वाटते. आता त्या अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवतात. काही आया तो मुलाच्या कानाला लावतात आणि दोघं मिळून ऐकतात.

दुसरी गोष्ट मला स्वतःला सुचली नसती. सभेचं नाव "माता सभा" असायचं. त्यामुळे बाप आपोआप सुटत होते. आमच्या वस्तीतले बरेच बाप महापालिकेच्या घंटागाडीवर किंवा झाडलोटीवर आहेत. त्यांची पाळी पहाटे सुरू होते आणि दुपारी दीड-दोनपर्यंत ते घरी असतात. म्हणजे ज्याच्याकडे दुपार मोकळी आहे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ताईंनी तीन बापांना बोलावलं. दोघं आले. आणि इथेच आमचं भांडण झालं.

झालं असं की एका प्रशिक्षणात ताईंना सांगितलं होतं, पालकांचा व्यवसाय हाच मुलांचा पाठ करा, पालकाला त्याचं काम वर्गात करून दाखवायला सांगा. कुंभाराने मडकं करून दाखवावं, शिंप्याने शिवून दाखवावं. ऐकायला गोड आहे. मी विचारलं, "मग घंटागाडीवाल्या बापाने काय करून दाखवायचं? चार वर्षांच्या पोराच्या हातात खराटा देणार?"

हे मी उगाच तापून बोललो नव्हतो. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींनी अशीच योजना आणली होती, शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण म्हटलं, रस्त्यावर उतरून विरोध केला, आणि १९५४ मध्ये राजाजी गेले, कामराज आले, योजना गुंडाळली गेली. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि झाडूवाल्याच्या मुलाने झाडू हातात घ्यावा, हे शिक्षण नसून मनुस्मृतीचं वेळापत्रक आहे. जातीचा धंदा "स्थानिक ज्ञान" म्हणून मागच्या दाराने आत येत असेल तर आपण सावध राहिलंच पाहिजे.

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खराटा नको, कबूल. पण भाऊ, पोराला बापाच्या कामाची लाज वाटावी, हेही तुम्हाला नको ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मार्ग त्या बापानेच काढला. त्याला अंगणवाडीच्या फरशीवर खडू दिला आणि विचारलं, तुम्ही रोज कुठून कुठे जाता? त्याने चौक काढला, पूल काढला, शाळा काढली, वस्ती काढली, पिंपळ काढला. सगळ्या शहराचा नकाशा त्याच्या डोक्यात. मुलं त्या रेषांवरून चालली, डावीकडे, उजवीकडे, आधी काय लागतं, नंतर काय लागतं. त्याच्या लेकीने घरी जाऊन आईला सांगितलं की पप्पांनी आम्हाला शिकवलं. तो माणूस नववी नापास आहे. अंगणवाडीच्या आत उभा राहून कुणाला काही सांगायची ही त्याची पहिली वेळ.

माझं मत आता असं झालं आहे. कष्टकरी माणसाला जे कळतं, म्हणजे मोजमाप, रस्ते, भाव, माणसं, झाडं, गोष्टी, ते वर्गात यावं. जातीने त्याच्या हातात जे अवजार दिलं ते मुलाच्या हातात येऊ नये. ही रेघ कुठे मारायची ते बाहेरच्या प्रशिक्षकाने ठरवायचं नाही, आपण ठरवायचं.

"मला काय येतंय?" हे वाक्य ताईंना सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागतं. रामजी सुभेदारांची आठवण इथे सांगण्यासारखी आहे. परळच्या चाळीत एक खोली, त्यात संसार, धूर, गर्दी. भीमराव लवकर झोपायचे, सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग स्वतः झोपायचे. सुभेदार शिकलेले होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे आपल्या आयाबापांशी ही तुलना पूर्ण जुळत नाही. पण त्या रात्री दोन वाजता ते बीजगणित शिकवत नव्हते. ते मुलाची झोप आणि मुलाची जागा राखत होते. हे निरक्षर आईला येतं. आणि तिला त्याहून जास्त येतं. जात्यावर बसून बाबासाहेबांवर ओव्या रचणाऱ्या बायका आपल्याच होत्या. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव जाऊन त्या गोळा केल्या. त्या बायकांना अक्षर येत नव्हतं, पण यमक, लय आणि क्रम येत होता. आणि लहान मुलाला वाचनाआधी हेच लागतं. अंगणवाडीत महिन्यातून एकदा एखाद्या आजीला बोलावून तिच्या बोलीत गाणं म्हणायला लावलं, तर "माझं बोलणं अशुद्ध आहे" म्हणून घरात मुलाशी कमी बोलणारी तिची सूनही मोकळी होईल.

गल्लीबोळातल्या इंग्रजी नर्सऱ्यांबद्दल एकच सांगतो. तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजीत गृहपाठ दिला की आई-बाप पहिल्याच दिवशी बाद होतात. मग त्याच गल्लीत शिकवणी लावायची आणि त्याचेही पैसे भरायचे.

काही कार्यकर्ते म्हणतील, हे सगळं सरकारचं काम आहे. आहेच. मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुलं होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतली मुलं मार्गदर्शक तत्त्वातच राहिली. म्हणजे ज्या वयात मेंदू सगळ्यात वेगाने वाढतो, त्या वयाचं शिक्षण मागायला कोर्टात थेट हक्क सांगता येत नाही. यावर आपल्या मोर्चात किती घोषणा असतात?

आणि हे काम ज्यांच्यावर टाकलं आहे त्या ताईंना पगार नाही, "मानधन" आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर होत्या, तो संप जानेवारीपर्यंत चालला. त्याआधी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी, सगळं करून त्यांनी पालकांच्या सवडीने संध्याकाळीही यावं, असं म्हणणं म्हणजे एका कष्टकरी बाईचा भार काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवणं. आमच्या ताई येतात, ती त्यांची बांधिलकी. तिच्यावर व्यवस्था उभी करायची नसते.

म्हणून आपला वाटा कुठे आहे, ते बघू. १९४५ च्या सुमारास बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाडीत दलित वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. आज वस्तीचं अंगण उरलं नाही, पण विहार आहे. रविवारी वंदनेनंतर विहार रिकामं असतं. पालकसभा तिथे, रात्री आठला, भाकऱ्या झाल्यावर का होऊ नये? ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे त्यांनी सकाळी आठला नाक्यावर जाऊन दहा मिनिटं बापांशी बोलायला काय हरकत आहे? जयंतीच्या डीजेला आपण वर्गणी काढतो. त्यातल्या एका तासाच्या पैशांत अंगणवाडीला चित्रांच्या पुस्तकांचा संच येतो, जो मुलं आठवडाभर घरी नेऊ शकतील.

आमच्याकडे पहिली रात्रीची सभा झाली. अठ्ठावीसपैकी एकोणीस घरं आली, सात बाप धरून. पुढची सभा येत्या रविवारी आहे. सभा चालू असताना मुलांना विहाराच्या मागच्या खोलीत कोण सांभाळणार, याची यादी मी समितीत फिरवली होती. आतापर्यंत सहा नावं आली आहेत. सहाही बायकांची.