अर्धा कोयता

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न असतो. ‘मग, यंदा कुठे?’ गोवा, कूर्ग, फुकेत... मजला वाढेल तसं उत्तर महाग होत जातं. (मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या मजल्याचं गोवासुद्धा ट्रेननेच होतं.) २०२५ च्या डिसेंबरात कुणीतरी मलाही विचारलं. मी म्हटलं, ‘बायको होसूरला आणि मी बीडला.’ त्यानंतर लिफ्टमध्ये एकदम शांतता!

होसूर म्हणजे बंगळुरूला खेटून असलेलं, तामिळनाडूतलं कारखान्यांचं गाव. बायको ईआरपी कन्सल्टंट आहे. म्हणजे नक्की काय, हे मला लग्नाला पाच वर्षं होऊनही धड सांगता येत नाही. ढोबळमानाने असं, की कारखान्याचा स्टॉक, खरेदी, बिलं, पगार हे सगळं जुन्या सिस्टिममधून उचलायचं आणि नव्या सिस्टिममध्ये नेऊन ठेवायचं. कारखाना चालू असताना हे जमत नाही, कारण माल आत-बाहेर होत असतो आणि आकडे हलत राहतात. म्हणून वर्षअखेरीला मेन्टेनन्ससाठी प्लांट बंद झाला की ही मंडळी लॅपटॉप घेऊन आत घुसतात. बाकीच्यांची सुट्टी हाच यांचा सीझन. २० डिसेंबरची पहाटेची फ्लाइट, परत ४ जानेवारीला. मधल्या काळात ‘गो-लाइव्ह’.

आणि नेमकी त्याच वेळी चिऊच्या शाळेला नाताळची सुट्टी. चिऊ चार वर्षांची, ज्युनिअर केजीत. डे-केअरवाल्या काकूही सुट्टीवर, त्या निघाल्या कोकणात. राहिलो मी. फ्रीलान्सर म्हणजे जो कायम घरीच असतो आणि ज्याला काहीच काम नसतं, अशी जगाची समजूत आहे. माझ्या तीन डेडलाइन्स होत्या, हे मी घरात दोनदा बोलून दाखवलं. दोन्ही वेळा बायकोने नुसतं बघितलं. विषय संपला. चिऊला घेऊन मी गावी जायचं ठरलं.

खरी गडबड निघण्याच्या रात्री झाली. कॅब साडेतीनला येणार होती. सासूबाईंनी फोनवरून सल्ला दिला, ‘ती झोपेत असतानाच निघ गं, म्हणजे रडणार नाही.’ ऑफिसातल्या दोन आयांचंही तेच म्हणणं. बायकोचंही तेच ठरलं होतं. एकदम प्रॅक्टिकल!

सव्वातीनला मी चिऊला उठवलं.

व्हायचं ते झालं. तिने आईच्या ओढणीला मिठी मारली, चाकाच्या बॅगेवर बसून राहिली, मग जिन्यात भोकाड पसरलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडून बघून गेले. बायको रडतच कॅबमध्ये बसली. विमानतळावरून मेसेज आला, ‘तू मुद्दाम केलंस ना?’

हो. मुद्दामच केलं. पण हे समजायला तुम्हाला माझ्या गावापर्यंत यावं लागेल.

आम्ही रेल्वेने गेलो. हा चिऊचा हट्ट, आणि थोडा माझाही. पुण्याहून एसटीने अहिल्यानगर आणि तिथून बीडची गाडी. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला, म्हणजे ही रेल्वे माझ्याहून वयाने मोठी आहे. लहानपणी ‘रेल्वे आल्यावर देतो’ असं कुणी म्हणालं, की पैसे बुडाले असं समजायचं. २०२२ मध्ये ती आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत पोचली. वेग विचाराल तर शेजारून जाणाऱ्या मोटरसायकलला चिऊ आरामात टाटा करत होती. पण खिडकीतून बालाघाटच्या रांगा दिसतात, मधूनच ज्वारी दिसते. शिरूर कासार तालुक्यात रायमोह्याला उतरलो, पुढे जीपने गाव.

पुण्याची मित्रमंडळी जानेवारीत माणशी हजार-बाराशे मोजून हुरडा पार्टीला जातात. आमच्याकडे हुरडा फुकट आहे, पण तो भाजायला गावात माणसं नाहीत. मी थट्टा करत नाहीये. डिसेंबरात आमच्या गावात आलात तर चार घरांमागे दोन-तीन घरांना कुलूप दिसेल. उघड्या घरात म्हातारी माणसं, नाहीतर शाळकरी पोरं. मधली पिढी गेलेली असते टूरवर. सहा महिन्यांच्या बिझनेस टूरवर. तुम्ही बरोबर ओळखलंत, ऊसतोडीला.

बीडमधून दरवर्षी लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, थेट कर्नाटकात बेळगावकडे. माणूस कारखान्याकडे परस्पर जात नाही, त्याला मुकादम नेतो. पावसाळ्यातच मुकादम उचल देतो, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम. ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात कधीच खर्च झालेली असते आणि मग हंगामभर ऊस तोडून फेडायची. उचल मिळते ती ‘कोयत्या’वर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. पहाटे उठून दोघांनी दिवसभर राबलं तर दीड-दोन टन होतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा कुठे टनाला साडेतीनशेच्या थोडं पुढे मिळायला लागलं. दोघांत.

तुमच्या-माझ्या कंपन्यांत ‘कॅज्युअल लीव्ह’ असते. तिथे ‘खाडा’ असतो. एक दिवस कामावर नाही गेलं की एक खाडा, आणि त्याचा दंड मजुरीतून कापला जातो. ताप आला, लेकरू आजारी पडलं, पाळीत पोट दुखलं, कारण काहीही असो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झाली होती. खाड्याची भीती हे त्यामागचं एक कारण. आणि कोयता जोडीचाच लागतो म्हणून पोरींची लग्नं उरकली जातात, ते वेगळंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या चाळीसहून जास्त मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आमच्या घरातल्या कुणाचं काय झालं, ते मी या कॉलममध्ये लिहिणार नाही.

तर माझे आई-बाप २०१६ पर्यंत कोयता होते. मग दादांची पाठ गेली. पहिलीत जाईपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जायचो. पाचटाची कोपी, रात्री बैलांच्या घुंगरांचा आवाज, उसाचं वाढं विकून आलेल्या पैशांत भेळ, असं तुटक आठवतं. नंतर शाळा बुडू नये म्हणून मला आजीकडे ठेवलं. ट्रक रात्री यायचा. पत्र्याची पेटी, ज्वारीची पोती, भांडी, शेळी, कोंबड्या आणि धाकटी बहीण हे सगळं एकावर एक चढायचं. मला मात्र कधीच उठवलं नाही. सकाळी उठलो की उशाशी बिस्किटांचा पुडा असायचा. बिस्किटं दिसली की कळायचं, गेले. अजूनही तो पुडा दुकानात दिसला तरी मी दुसरा घेतो. बायकोला वाटतं मला चव आवडत नाही.

एका वर्षी मी जागा होतो. आठ-नऊ वर्षांचा असेन. माय आली, गोधडी सारखी केली, थोडा वेळ बसली. मी डोळे गच्च मिटून घेतले. का, ते अजूनही कळलेलं नाही. मग ट्रकचा आवाज लांब गेला. सहा महिने. आणि तेव्हा रोज व्हिडिओ कॉल नव्हता.

आता कळलं ना, साडेतीनची कॅब मला का झेपली नाही?

घरी पोचलो तेव्हा माय ओट्यावर बसली होती. चिऊला कडेवर घेत माझ्या मागे बघून म्हणाली, ‘अर्धाच कोयता आला व्हय?’ मी म्हटलं, दुसरा अर्धा होसूरला आहे. ‘संग का न्हाई गेलास मग?’ मायला खरंच कळत नव्हतं. तिच्या लेखी नवऱ्याला सोडून बायको कामावर गेली तर हिशेब कसा लागणार? मी समजावलं, कंपनीने एकटीलाच तिकीट दिलंय. ‘जेवण?’ ‘हॉटेलात.’ ‘रोज? आयतं?’ यावर मात्र मायचा चेहरा जरा खुलला. सुनेचं बरं चाललंय म्हणायचं!

रात्री माय चुलीपुढे भाकऱ्या करत होती. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरचीच. चिऊ दादांच्या मांडीवर झोपली होती. माय म्हणाली, ‘येताना लई रडलं का लेकरू?’ मी सव्वातीनची सगळी कथा सांगितली. ‘अन् उठवायचं कशाला मग झोपल्या लेकराला?’

‘तू मला कधी उठवलं नाहीस म्हणून.’

बोलून गेलो. वीस वर्षांत हा विषय आमच्या घरात निघाला नव्हता. मायने भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मला वाटलं, ऐकलं नाही बहुतेक. मग ती म्हणाली, ‘तू कुठं झोपल्याला असायचास? पापण्या हलत व्हत्या की तुझ्या.’

‘तुला माहीत होतं?’

‘मला न्हाई कळणार तर कुणाला? दर साली हलायच्या. एकाच साली न्हाई.’

मला एकच साल आठवत होतं.

‘मग उठवलं का नाहीस?’

‘उचल घेतल्याली व्हती,’ माय म्हणाली. ‘तू डोळे उघडले असते तर मला गाडीत चढता आलं नसतं.’ आणि मग लगेच, ‘सरक जरा, तवा तापलाय.’

बायकोला मी हे फोनवर सांगितलं नाही. रात्री अकराला ती प्लांटमधून हॉटेलवर यायची, डोळे लाल झालेले, स्टॉकचे आकडे जुळत नाहीत म्हणून वैतागलेली. त्यात माझी कथा कुठे घुसवणार? नुसतं ‘सॉरी’ म्हणालो. ती म्हणाली, ‘चिऊ आज जेवली का?’ चिऊने दोन भाकरीचे काले आणि ठेचा चाखून पाव लिटर पाणी, असं सगळं नीट रिपोर्ट केलं. आमच्याकडे भांडण असंच मिटतं. किंवा राहतं, ते ४ तारखेनंतर बघू म्हणून.

चिऊ दिवसभर घरात नसायचीच. गावच्या जिल्हा परिषद शाळेत हंगामी वसतिगृह आहे. नाव वसतिगृह असलं तरी मुलं रात्री झोपतात आजी-आजोबांकडेच, दोन वेळचं जेवण शाळेत मिळतं. आई-बाप तोडीवर गेलेल्या पोरांनी शाळा सोडून त्यांच्यामागे जाऊ नये, यासाठी ही सोय. चालते तशी चालते. कधी भाजीत नुसतं पाणी, कधी धान्यच उशिरा येतं. पण मी दुसरीत असताना एवढंही नव्हतं. २५ तारखेला शाळेला सुट्टी होती, तरी जेवणासाठी पोरं जमली होती. चिऊही ताटली घेऊन त्यांच्या रांगेत जाऊन बसली. मी वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून लॅपटॉपवर डेडलाइन क्रमांक दोन ओढत होतो. विषय होता, थर्टी फर्स्टला काय घालावं.

शेजारच्या दुसरीतल्या पोरीने चिऊला विचारलं, ‘तुजी माय कुठंय?’

‘होसूरला. कारखान्यात.’

‘आमची पण कारखान्यावर. सांगलीकडं. दादा पण?’

‘नाही, बाबा इथेच आहे. तो बघ.’

पोरीने वळून मला आपादमस्तक न्याहाळलं. कामाच्या दिवसांत खांबाला टेकून बसलेला धडधाकट बाप तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

‘तुज्या मायचा पट्टा कवा पडणार?’ तिने चिऊला विचारलं.

पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं, कारखाना बंद होणं. चिऊला हे कुठून कळणार? तिने माझ्याकडे बघितलं. मी बोटांनी दहा दाखवले.

‘दहा झोपांनी,’ चिऊ म्हणाली.

‘दहाच?’ ती पोरगी हसली आणि आपल्या ताटलीतला अर्धा गुळाचा खडा चिऊच्या ताटलीत टाकत म्हणाली, ‘मग काय, आलीच की.’