जामवाले, उठा!

वरोरा आगारात एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. त्यातली बरीचशी चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर गेली. रात्रीच्या गाडीत माझं मुख्य काम तिकीट फाडण्याचं नव्हतंच, उठवण्याचं होतं. नागपूरहून निघालेली माणसं बुटीबोरी ओलांडली की माना टाकतात. मग थांबा यायच्या पाच-सात मिनिटं आधी मी गाडीभर फिरायचो. "जामवाले, उठा! आनंदवन चौक कोण हाय? पिशव्या घ्या हाती!" झोपेतला माणूस थांब्याच्या पुढे गेला तर चूक त्याची नव्हे, कंडक्टरची. असं मला माझ्या पहिल्या चालकानं शिकवलं आणि मी ते निवृत्तीपर्यंत पाळलं.

मागच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा विमानात बसलो. मुलगा पुण्याला नोकरीत. त्याची रजा संपली म्हणून तो आधी गेला. सूनबाई, पाच वर्षांची नात आणि दहा महिन्यांचा नातू मागे राहिले. त्यांना पोचवायचं काम आम्हा म्हाताऱ्यांकडे आलं. वरोऱ्याहून ट्रॅव्हल्सनं पुणं म्हणजे अख्खी रात्र आणि वर सकाळ. एवढं लेकरू घेऊन ते नको म्हणून मुलानं सोनेगावच्या विमानतळावरून तिकिटं काढली. हवेतला प्रवास दीड तासाच्या आतबाहेर. मी मनात म्हटलं, एवढ्यात तर आपली गाडी नागपूरहून वरोऱ्यालाही लागत नाही.

उड्डाण झालं आणि बाळ झोपलं. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहून हसलो. निघताना शेजारणीनं सुचवलं होतं की सर्दीचं सिरप थोडं पाजा, निपचित पडून राहतो. सूनबाईनं ते दिलं नव्हतं, तरी गडी आपणहून झोपला. जिंकलो, असं वाटलं. दुधाची बाटली पिशवीत आणि पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात. कुणाला हालायचं नव्हतं.

पुणं जवळ आलं तसं विमान खाली यायला लागलं. पट्टे बांधा, खुर्ची सरळ करा, खिडकीचा पडदा वर करा, सगळं मराठी सोडून दोन भाषांत सांगून झालं. आणि बाळ किंचाळत उठलं. रडणं मला नवं नाही. एसटीत आयुष्य गेलं, भुकेचं रडणं, उकाड्याचं रडणं, गाडी थांबली म्हणून रडणं मला पाठमोऱ्यानंही ओळखू येतं. हे त्यातलं नव्हतं. अंग ताठ, चेहरा लालबुंद, आणि हात सारखा कानाकडे. सौ. म्हणाली, "अवो, पोट दुखून राहिलं असन त्याचं." जवळ मीठमोहरी असती तर तिनं तिथंच दृष्ट काढली असती. बाटली वर, पट्टे बांधलेले, उठायची सोय नाही. सूनबाईच्या शेजारी परका माणूस, त्यामुळं ती पदराखाली घ्यायला संकोचली. पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ दोनदा मागे वळून बघून गेले. तसं बघणं मी एसटीत अनेकांना बंद करायला लावलंय. इथं मात्र मी प्रवासी होतो, गप्प बसलो. लोहगावला चाकं टेकली आणि थोड्या वेळानं ते हुंदके देत शांत झालं.

परत आल्यावर इथल्या मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते आणि तिच्यातून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळलं किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते आणि आतली-बाहेरची हवा सारखी होते. विमानाच्या आत हवा कोंडून ठेवतात, पण जमिनीवरच्याइतकी दाट नाही. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तेवढी. म्हणजे आपलं कळसूबाई ५४०० फूट, त्याच्याही वर बसल्यासारखं. वर जाताना कानातली जादा हवा नळीतून आपोआप निसटते. खाली येताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, आतला कमीच राहतो, नळी आणखी घट्ट मिटते आणि पडदा आत ओढला जातो. तीच कळ.

मला चिखलदऱ्याची सहलीची गाडी आठवली. घाट उतरून परतवाड्याकडे येताना सगळ्या पोरांच्या कानाला दडे बसायचे आणि मास्तर म्हणायचे, आवंढा गिळा. त्या घाटात मोठ्या माणसाला दडा बसतो, हसून विषय संपतो. तान्ह्याची नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की ती सुजून बंदच होते. आणि आवंढा गिळ म्हणून त्याला सांगणार कोण? तो जागा असला आणि तोंडात काही असलं तरच गिळणार. झोपेत गिळणं फार कमी होतं. म्हणजे ज्या झोपेवर आम्ही खूष होतो, तीच त्याला नडली. शेजारणीचं सिरप दिलं असतं तर आणखी नडली असती.

डॉक्टरांनी सांगितलं ते सोपं होतं. विमान उतरायला साधारण अर्धा तास आधी सुरुवात करतं, तेव्हाच बाळाला उठवायचं आणि जरा उभट धरून अंगावर पाजायचं किंवा बाटली द्यायची. थोड्या मोठ्याला स्ट्रॉनं पाणी, घोट घोट. चार वर्षांच्या आतल्याला कडक गोळी नको, घशात अडकते. सात-आठ वर्षांच्याला नाक चिमटीत धरून आवंढा गिळायला शिकवता येतं. सर्दी-ताप असेल, कान वाहत असेल तर तिकिटाआधी डॉक्टर. नाक मोकळं करायची औषधं लहानग्याला मनानं द्यायची नाहीत. आणि कानात कोमट तेल घालून कापूस कोंबायचा आपल्याकडचा जो उपाय आहे, त्याचा इथं काही उपयोग नाही, कारण दुखणं पडद्याच्या पलीकडे आहे. हे ऐकताना सौ.नं माझ्याकडे पाहिलं नाही. लसणाचं तेल तिनं पुण्यात पोचताच घातलं होतं.

हे सगळं मला प्रवासानंतर कळलं, ही माझी तक्रार. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात आतला दाब राखणारी कळ लावायची राहिली, तीसेक प्रवाशांना त्रास झाला, काहींच्या नाका-कानातून रक्त आलं, विमान परत फिरलं. त्याची देशभर बातमी झाली, व्हायलाच हवी होती. पण रोजच्या रोज सगळं सुरळीत चालू असताना जी लेकरं उतरताना किंचाळतात, त्यांची बातमी कशी होणार? बहुतेकांचं दुखणं काही वेळात थांबतं. म्हणून ते कुणाच्याच हिशेबात नाही.

इंडियन एअरलाइन्सच्या काळात हवाई सुंदरी ताटलीत टॉफ्या आणि कापसाचे बोळे घेऊन फिरायची, असं आमच्या बाजारातले एक जुने व्यापारी सांगायचे. ते मूठभर टॉफ्या खिशात घालून आणायचे आणि वरोऱ्याच्या पोरांना वाटायचे. लोकांना ती चैन वाटायची. ती कानासाठी होती, हे मला आत्ता कळतंय. आता टॉफी गेली, ठीक आहे, सगळ्याच गोष्टींचे पैसे लागतात. पण सूचनेला काय लागतं? मास्क कसा लावायचा ते दर वेळी करून दाखवतात. बहुतेकांना आयुष्यात तो लागत नाही. बाळाचे कान मात्र प्रत्येक फेरीत उतरतात.

माझी मागणी एका वाक्याची आहे. विमान खाली यायला लागताच, पट्ट्याच्या घोषणेच्याही आधी, नागपूर-पुणे-मुंबईच्या फेऱ्यांवर मराठीतून एवढं म्हणा: "लहान बाळ सोबत असेल तर त्याला आता उठवा आणि दूध पाजा." पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनाही त्यातून कळेल की आता पाजणाऱ्या बाईकडे पाहायचं नसतं. एसटीत बाया पदर घेऊन पाजतात आणि सगळी गाडी खिडकीबाहेर बघते. हे आमच्या बहुतेक प्रवाशांना शिकवावं लागलं नाही.

फेब्रुवारीत सूनबाई मुलांना घेऊन परत आली. मी पुण्याला आणायला गेलो होतो. या वेळी बाटली मांडीवर होती आणि घड्याळ माझ्या हातात. उतरायला अर्धा तास उरला तसं मी म्हटलं, "चला, बुटीबोरी आली, उठवा त्याला." झोपमोड झाली म्हणून तो रडला. मग बाटली लागली आणि सोनेगाव येईपर्यंत पीत राहिला. नातीला पाण्याचे घोट दिले, तरी एक कान दुखला म्हणाली. घरी पोचेपर्यंत थांबला.

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आपल्या भागातली कितीतरी लेकरं पहिल्यांदा विमानात बसतील. कंपन्यांनी सांगेपर्यंत बाटली वरच्या कप्प्यात ठेवू नका, आणि अर्धा तास आधी त्यांना उठवा. झोपमोडीचं रडणं थोडा वेळ ऐकावं लागेल. दुसरं रडणं ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे चालतं.