कोरोचे गोल आणि भामरागडचे मैदान

देशातील फुटबॉलचा कारभार गेल्या वर्षी चव्हाट्यावर आला. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग ही सर्वोच्च स्पर्धा बेमुदत थांबवण्यात आली. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपल्यासाठी बंद झाले. आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतात की, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील माणसाला या भानगडीशी काय देणेघेणे? इथे वनहक्काचे दावे धूळ खात पडले आहेत, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि तुम्ही फुटबॉल काय घेऊन बसलात?

देणेघेणे आहे, आणि चांगलेच आहे. ते समजून घेण्यासाठी आम्ही एका परदेशी खेळाडूची कारकीर्द वाचकांपुढे ठेवतो. त्याचे नाव फेरान कोरोमिनास. गोव्याच्या प्रेक्षकांनी त्याला ‘कोरो’ या नावानेच ओळखले. तो मोठा तारा होता म्हणून आम्ही त्याच्याविषयी लिहीत नाही. मेस्सी-रोनाल्डोच्या रांगेत तो कधीच नव्हता. तो एक मेहनती, मधल्या फळीतला व्यावसायिक खेळाडू होता, आणि म्हणूनच त्याची कारकीर्द आम्हाला महत्त्वाची वाटते. अपवादात्मक प्रतिभा कुठूनही वाट काढते. व्यवस्थेची परीक्षा होते ती सर्वसाधारण गुणी माणसाला ती कुठवर नेते यावरून.

कोरोचा जन्म ५ जानेवारी १९८३ चा, स्पेनच्या जिरोना प्रांतातील विलोबी दोन्यार या लहानशा गावातला. बार्सिलोना शहरातील एस्पान्योल या क्लबच्या वयोगट संघांतून तो वर आला. एप्रिल २००६ मध्ये एस्पान्योलने झारागोझा संघाला ४-१ असे हरवून राजाचा चषक जिंकला, त्यात एक गोल कोरोचा होता. पुढच्याच महिन्यात हा चषकविजेता क्लब खालच्या विभागात घसरण्याच्या काठावर उभा होता. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, ठरलेली ९० मिनिटे संपल्यानंतरच्या वाढीव वेळेत कोरोने रेआल सोसिएदादविरुद्ध गोल केला आणि क्लब वाचला. २००७ मध्ये हाच क्लब युएफा चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि ग्लासगोला सेव्हियाकडून पेनल्टींवर हरला.

नंतर उतार लागला. ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का, मग सायप्रसमधला एक क्लब. पण या उतारावरही त्याला काम मिळत राहिले. एल्चेबरोबर त्याने २०१२-१३ मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवले आणि क्लब पहिल्या विभागात चढला. २०१७ मध्ये, ३४ व्या वर्षी, तो एफसी गोवामध्ये आला. पहिल्याच हंगामात १८ गोल, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४, असे तीन हंगामांत ४८ गोल. पहिले दोन्ही हंगाम सर्वाधिक गोल करणाऱ्याचा सुवर्णबूट त्याच्याकडे गेला. २०१९ मध्ये गोव्याने सुपर कप जिंकला. २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल राहून गोव्याने आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत स्थान मिळवले. भारतीय क्लबाला हा मान प्रथमच मिळाला होता.

युरोपात ज्याची कारकीर्द मावळत होती, तो माणूस इथे येऊन सलग दोन वर्षे सर्वश्रेष्ठ कसा ठरला? त्याचे श्रेय त्याच्या कौशल्याला आहेच. पण दुसराही एक हिशोब पाहावा. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत या लीगचे अकरा हंगाम झाले. या अकरा हंगामांत सुवर्णबूट एकाही भारतीय खेळाडूला मिळाला नाही. १४० कोटींच्या देशात गोल करणारा पाय जन्मालाच येत नाही, असे मानायचे काय? गुणवत्ता रक्तात असते, हा युक्तिवाद या देशात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. तो शाळेच्या बाबतीत खोटा ठरला, न्यायालयाच्या बाबतीत खोटा ठरला. मैदानाच्या बाबतीतही तो खोटाच आहे.

कोरोच्या मागे एक शिडी होती. लहान गावातल्या मुलाला जवळ मैदान असते, वयोगटाचे सामने असतात, मोठ्या क्लबचे प्रशिक्षण केंद्र असते. खालच्या विभागातला क्लब जिंकत गेला तर वर चढतो, वरचा हरत गेला तर खाली येतो. त्यामुळे चौथ्या विभागातल्या सामन्यालाही अर्थ असतो आणि तिथल्या खेळाडूलाही पगार असतो. आणि नियम मालकालाही लागू असतो. २०१४-१५ मध्ये कोरोचा एल्चे क्लब पहिल्या विभागात तेराव्या स्थानी राहिला होता. मैदानावरच्या हिशोबाने तो सुरक्षित होता. तरी कराची थकबाकी भरली नाही म्हणून त्याला दुसऱ्या विभागात ढकलण्यात आले. या शिक्षेची झळ खेळाडूंनाही बसते, हे खरे. पण क्लब कितीही नामांकित असो, कायदा मोडला तर पायरी उतरावी लागते, हे तिथे दिसले.

आपल्याकडे काय झाले? २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फुटबॉलचे व्यापारी हक्क ७०० कोटी रुपयांना १५ वर्षांसाठी एका खाजगी कंपनीच्या हाती दिले. त्यातून २०१४ मध्ये ही लीग जन्मली. प्रारंभीची अनेक वर्षे तिचे दार बंद होते. मैदानावर जिंकून खालून वर येण्याची वाट २०२३ मध्ये उघडली, आणि वरून खाली येण्याची शिक्षा पहिल्या अकरा हंगामांत एकाही क्लबाला झाली नाही. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार म्हणताच अख्खी इमारत डगमगली. हक्कांसाठी निविदा काढली तर कोणी पुढे आले नाही. देशाच्या कर्णधारपदी राहिलेल्या खेळाडूंना जानेवारी २०२६ मध्ये जागतिक संघटनेकडे हात पसरावे लागले. अखेर १४ क्लबांसह १४ फेब्रुवारीपासून आखूड स्वरूपात लीग घेण्याची घोषणा ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी केली. ज्या घराचा कळस आधी बांधला आणि पाया नंतर पाहू म्हटले, त्याचे असेच होणार.

या सगळ्या गोंधळात एक मोलाची गोष्ट घडली, आणि तिच्याकडे चळवळीचे लक्ष गेलेले नाही. १९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या घटनेविषयीच्या प्रकरणात निकाल दिला. न्या. नरसिंहा आणि न्या. बागची यांच्या खंडपीठाने खेळाचा संबंध थेट बंधुतेच्या मूल्याशी जोडला. खेळाच्या सुविधा आणि संधी ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती आहे, ती शहरी धनिकांच्या मुठीत राहू नये आणि प्रसारण हक्कांसारख्या उत्पन्नातून खेळ सर्वांच्या आवाक्यात यावा, असा न्यायालयाच्या प्रतिपादनाचा आशय आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ख) मध्ये समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे, असे म्हटले आहे. जमीन, पाणी, खनिजे यांच्या पंक्तीत न्यायालयाने मैदानाला बसवले, असा याचा अर्थ आम्ही घेतो. मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयातून थेट करून घेता येत नाही, हे अनुच्छेद ३७ सांगतो. पण तोच अनुच्छेद ती राज्यकारभारात मूलभूत असल्याचेही सांगतो. म्हणजे आता मैदान मागणे ही भीक राहिलेली नाही, तो संविधानाच्या भाषेतला दावा आहे.

आता आपल्या जंगलाकडे येऊ. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि तिथून नागपूर जवळपास तेवढेच. निवड चाचणी नागपूरला असेल तर पोराचा नि सोबतच्या माणसाचा प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी हा सगळा खर्च बापाने करायचा. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांसाठी प्रा. विजय बारसे यांनी २००१ पासून फुटबॉल उभा केला आणि नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या ‘झुंड’ने ती कथा देशभर नेली. पण एका प्राध्यापकाच्या जिद्दीवर एक शहर जागे होते, दोन जिल्हे नव्हे. गडचिरोलीत पोलीस दल कबड्डी-व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवते. स्पर्धा होते, बक्षीस मिळते, फोटो छापून येतो. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने कुठे जायचे? पुढची पायरीच नाही.

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. जगातले सर्वांत उंच शिखर गाठण्याची ताकद ज्या मुलांत आहे, त्यांच्यात नव्वद मिनिटे धावण्याची ताकद नाही असे कोण म्हणेल? निवड, प्रशिक्षण, आहार आणि पैसा सरकारने एकदा लावला, तर एवढे झाले. नेमका प्रश्न ‘एकदा’ या शब्दाचा आहे. मोहीम एकदा होते, शिडी कायम उभी असावी लागते.

इथे आम्ही वकील म्हणून एक मुद्दा मांडतो. फुटबॉलचे पूर्ण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे ७,१४० चौरस मीटर, पाऊण हेक्टरपेक्षाही कमी. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ (२) मध्ये सरकारी व्यवस्थापनाखालील १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, ग्रामसभेच्या शिफारशीने आणि हेक्टरी ७५ झाडांच्या मर्यादेत देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त धान्य दुकान, तलाव, रस्ता, समाजमंदिर हे सारे त्या यादीत आहे. खेळाचे मैदान नाही. कायदा करणाऱ्यांना आदिवासी मुलाची भूक दिसली, आजार दिसला, पण त्याचा खेळ दिसला नाही. उलट एटापल्ली तालुक्यातील सुरजागडला २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा लोहखाणपट्टा दिला गेला. त्यात फुटबॉलची पावणेपाचशेहून अधिक मैदाने मावली असती. खाणीसाठी वाट सापडते आणि पाऊण हेक्टरासाठी सापडत नाही, याला काय म्हणावे?

तोवर हातात काहीच नाही, असेही नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण अपेक्षित आहे, आणि शाळा तर वनहक्काच्या १३ सुविधांत आहेच. म्हणून ग्रामसभेने शाळेच्या सुविधेत क्रीडांगण स्पष्ट लिहून ठराव घ्यावा, नकाशा जोडावा, आणि नकार आला तर तो लेखी मागावा. लेखी नकार हा पुढच्या लढाईचा दस्तऐवज असतो.

‘आधी भाकर, मग खेळ’ असे म्हणणाऱ्यांचा आम्ही आदर करतो. पण खेळ हीदेखील भाकर आहे, हे प्रस्थापितांना केव्हाच कळले. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी स्पर्धा लागते आणि स्पर्धेसाठी मैदान लागते. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली. ज्यांच्या पोरांनी मैदान पाहिले नाही ते कागदावर खेळाडू झाले, आणि ज्यांची पोरे अनवाणी धावतात त्यांच्याकडे कागद नाही.

मैदान आणि संधी यांचा हा संबंध नवा नाही. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. चेंडू टाकायला तो हवा होता, पण चहा त्याला तंबूबाहेर वेगळ्या भांड्यात मिळे, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, ते १९२३ मध्ये मिळाले. तेव्हा दार जातीच्या नावाने बंद होते. आज ते अंतराच्या, खर्चाच्या आणि मैदान नसण्याच्या नावाने बंद आहे. बाहेर उभे असलेले लोक मात्र बहुतांशी तेच आहेत.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. वनहक्क कायद्याच्या कलम ३ (२) मध्ये क्रीडांगण ही चौदावी सुविधा म्हणून घालावी. प्रत्येक शासकीय आश्रमशाळेला मोजणी केलेले मैदान आणि कायमस्वरूपी क्रीडाशिक्षक द्यावा. निवड चाचण्या तालुक्याच्या ठिकाणी घ्याव्यात किंवा प्रवासखर्च सरकारने द्यावा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधितांच्या हितासाठी आहे, त्यातून या कामाला वाटा ठेवावा. आणि महासंघ पुढचा व्यापारी करार करील तेव्हा प्रसारणाच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा जिल्हा पातळीवरच्या खेळासाठी बांधील असावा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार त्यासाठी पुरेसा आहे.

कोरोमिनास गोव्यात तीन वर्षे खेळला, ४८ गोल करून गेला. त्याच्याविषयी आमच्या मनात आकस नाही, त्याने घामाचे मोल घेतले. पण त्याला घडवणारी शिडी आपण विकत घेऊ शकत नाही, ती इथेच बांधावी लागेल. तिची पहिली पायरी पाऊण हेक्टरची आहे. येत्या ग्रामसभेत ती मागण्यासाठी ठराव लिहा.